शिवणाच्या टेबलावरून निर्मात्याच्या टेबलापर्यंत : कॅथरिन मार्टिन यांचं प्रकरण

२०११ च्या सप्टेंबरात सिडनीत 'द ग्रेट गॅट्सबी'चं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा कॅथरिन मार्टिन एकाच चित्रपटावर तीन जबाबदाऱ्या सांभाळत होत्या. वेशभूषा त्यांची, प्रॉडक्शन डिझाइन म्हणजे सेटचं सगळं रंगरूप त्यांचं आणि निर्मात्यांच्या यादीतही त्यांचं नाव. कथा १९२२ सालची, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची. चित्रीकरण मात्र ऑस्ट्रेलियात आणि तेही थ्रीडीत. गॅट्सबीच्या बंगल्यावरच्या मेजवान्यांमध्ये माणसांचा पूर लोटलेला दिसायला हवा होता आणि त्यातल्या प्रत्येकाच्या अंगावर त्या काळात शोभेल असं काहीतरी हवं होतं. थ्रीडीत कापडाचा पोत, मण्यांचं काम, टोपीची कड सगळं उठून दिसतं, त्यामुळे मागच्या रांगेतल्या ज्युनिअर आर्टिस्टलाही भाड्याच्या कपाटातलं काहीही चढवून भागणार नव्हतं. वेशभूषाकार म्हणून मार्टिन यांना या मेजवान्यांसाठी भरपूर आणि चांगलं हवं होतं. त्या मागणीचा खर्च परवडतो का, हे ठरवणाऱ्या पाच निर्मात्यांमध्येही त्या होत्या.

वेशभूषेतून निर्मितीकडे गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण सहज 'बढती मिळाली' म्हणतो. हे प्रकरण बारकाईने पाहिल्यावर मला तसं वाटत नाही. निर्मात्याचं बरंचसं काम मार्टिन वीस वर्षं करतच होत्या, श्रेय तेवढं उशिरा आलं. या उशिराचे परिणाम पडद्यावर दिसतात, हिशेबात दिसतात आणि पुरस्कारांच्या यादीतही दिसतात.

घडण

मार्टिन यांचा जन्म १९६५ चा, सिडनीचा. वडील फ्रेंच, आई ऑस्ट्रेलियन. शिवणकाम त्यांनी लहानपणीच हाती घेतलं. पुढे दृश्यकलेचं शिक्षण घेतलं, कपडे बेतण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि मग सिडनीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट, म्हणजे नायडा या नाट्यसंस्थेतून १९८८ साली डिझाइनचा अभ्यासक्रम पूर्ण केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. चित्र काढून देणारे डिझायनर पुष्कळ असतात. कापड आडवं बेतलं तर किती मीटर लागेल, तिरकं बेतलं तर किती, हे स्वतःच्या हाताला माहीत असणारे थोडे. कटिंग मास्तर जेव्हा 'हे होणार नाही' म्हणतो, तेव्हा खरंच होणार नाही की त्याला करायचं नाही, एवढं कळलं तरी खर्चाचं निम्मं गणित सुटतं.

'गॅट्सबी'चे दिग्दर्शक बाझ लुअरमन हे त्याच नायडाचे विद्यार्थी. त्यांनी तिथे उभं केलेलं एक छोटं नाटक वाढत वाढत १९९२ साली 'स्ट्रिक्टली बॉलरूम' हा चित्रपट झालं. बजेट सुमारे तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे अगदी बेताचं. आणि विषय बॉलरूम नृत्यस्पर्धांचा : टिकल्या, पिसं, झिरमिळ्या, घेरदार झगे. गरिबीत श्रीमंती दाखवायची होती. मार्टिन यांनी या चित्रपटाच्या वेशभूषेचा आणि प्रॉडक्शन डिझाइनचाही ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. पहिल्याच चित्रपटात दोन्ही खाती एका हातात आल्यामुळे त्यांना एक सवय लागली, ती पुढे कायम टिकली. भिंतीचा रंग आणि झग्याचा रंग एकाच टेबलावर ठरायचा. एरवी या दोन विभागांत महिनाभर चिठ्ठ्या फिरतात आणि चित्रीकरणाच्या सकाळी कळतं की नायिका पडद्याच्याच रंगात उभी आहे.

'रोमिओ + ज्युलिएट'मध्ये (१९९६) वेशभूषा किम बॅरेट यांची होती, मार्टिन प्रॉडक्शन डिझायनर होत्या. त्या कामासाठी त्यांना पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं. १९९७ च्या जानेवारीत मार्टिन आणि लुअरमन यांचं लग्न झालं. हे नातं बाजूला ठेवून या प्रकरणाबद्दल काही बोलता येणार नाही. त्याकडे पुढे येतो.

'मुलाँ रूज!' आणि यादीत नसलेलं नाव

२००१ चा 'मुलाँ रूज!' मराठी वाचकाला थोडा घरचा आहे. लुअरमन भारतात आले असताना त्यांनी एक हिंदी चित्रपट पाहिला होता. हसू, रडू, मारामारी, गाणं हे सगळं एकाच खेळात मिळणारे प्रेक्षक पाहून ते भारावले. चित्रपटाच्या आत जे नाटक उभं राहतं, ते त्यामुळेच एका काल्पनिक हिंदुस्थानात घडतं आणि त्यात 'चायना गेट'मधलं 'छम्मा छम्मा' वाजतं. मूळ गाण्यावर नाचल्या होत्या आपल्या ऊर्मिला मातोंडकर. त्या नाटकातले दागिन्यांनी मढलेले पोशाख म्हणजे १९०० च्या आसपासच्या पॅरिसने कल्पिलेलं हिंदुस्थान. ते अस्सल नाही आणि तसा दावाही नाही. पॅरिसच्या रंगमंचावर तेव्हाच्या शिंप्याने जे शिवलं असतं, ते मार्टिन आणि त्यांचे सहकारी अँगस स्ट्रॅथी यांनी शिवून घेतलं. पूर्वेबद्दलच्या युरोपीय खुळाचं इतकं नेमकं चित्र मी क्वचित पाहिलं आहे.

काम मात्र कष्टाचं होतं. कॅनकॅन नाचाचे घागरे फिरले पाहिजेत, पाय वर गेला की आतल्या झालरींचे थर दिसले पाहिजेत आणि रोज तासन्‌तास नाचून शिवण उसवता कामा नये. निकोल किडमन यांची बरगडी चित्रीकरणाच्या काळात मोडली, गुडघाही दुखावला. मुख्य नटीला अशी दुखापत झाली की वेळापत्रक हलतं. वेळापत्रक हललं की ट्रायल, धुलाई आणि एकाच पोशाखाच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रती या सगळ्याची साखळी पुन्हा जुळवावी लागते. वेशभूषा विभागाचा प्रमुख हे जुळवतो तेव्हा तो निर्मिती व्यवस्थापनच करत असतो. फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

या चित्रपटाला आठ ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यातली दोन फळली : कलादिग्दर्शन आणि वेशभूषा. दोन्हींवर मार्टिन यांचं नाव होतं, कलादिग्दर्शनात ब्रिगिट ब्रॉश यांच्यासोबत आणि वेशभूषेत स्ट्रॅथी यांच्यासोबत. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकनही आठांत होतं. ते निर्मात्यांना मिळतं आणि त्या यादीत लुअरमन, मार्टिन ब्राउन आणि फ्रेड बॅरन ही तीन नावं होती. चित्रपटाने जिंकलेले दोन्ही पुरस्कार जिच्या कामाचे, तिचं नाव 'हा चित्रपट कुणी बनवला' या यादीत नव्हतं. यात कुणाचा कट शोधायला नको. उद्योगाची रीतच तशी आहे : पैसा उभा करणारा आणि करार करणारा तो निर्माता, बाकीचे विभागप्रमुख. पण ही रीत कुठे अपुरी पडते, ते इथे स्वच्छ दिसतं.

'ऑस्ट्रेलिया' : धूळ आणि हिशेब

२००८ चा 'ऑस्ट्रेलिया' हा लुअरमन यांचा सगळ्यात पसरलेला चित्रपट. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कुनुनुराचा रखरखीत मुलूख, क्वीन्सलंडमधल्या बोवेनला उभं केलेलं दुसऱ्या महायुद्धातलं डार्विन शहर, गुरांचे तांडे, बॉम्बहल्ले. किडमन यांची भूमिका इंग्लंडहून येणाऱ्या खानदानी बाईची. तिचे कपडे पहिल्या प्रसंगात कडक, नीटनेटके, शहरी आणि मग दर टप्प्याला उन्हाने विटत, धुळीने मळत, सैल होत जाणारे. असा प्रवास दाखवायचा तर एकच पोशाख चार-पाच अवस्थांमध्ये तयार लागतो. नवा, थोडा वापरलेला, मळलेला, फाटलेला. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने सगळ्या अवस्था पहिल्या दिवशीच तयार ठेवाव्या लागतात. मार्टिन यांना वेशभूषेचं नामांकन मिळालं, चित्रपटाच्या वाट्याला ऑस्करचं तेवढं एकच नामांकन आलं. जवळजवळ तेरा कोटी डॉलर खर्चाच्या मानाने तिकीटबारीही अपेक्षेइतकी बोलली नाही. 'गॅट्सबी'ला हात घालताना ही पार्श्वभूमी होती. पुढचा चित्रपट मोठा तर हवा होता, पण पैसा कुठून कुठे जातो हे शेवटच्या बटणापर्यंत माहीत असणारं कुणीतरी निर्मात्यांच्या टेबलावर बसणं गरजेचं झालं होतं.

'गॅट्सबी' : गाभ्याचा प्रश्न

आता मूळ प्रसंगाकडे. पोशाखांचा हा ढीग उभा कसा करायचा?

इथे ऑस्ट्रेलियाच्या एका धोरणाचा मोठा वाटा आहे. २००७ पासून तिथे 'प्रोड्यूसर ऑफसेट' नावाची करसवलत आहे. ऑस्ट्रेलियन ठरणाऱ्या चित्रपटाने देशात केलेल्या पात्र खर्चाच्या ४० टक्के रक्कम निर्मात्याला परत मिळते. कथा अमेरिकेची असूनही 'गॅट्सबी' सिडनीत झाला, त्यामागे हे गणित होतं. आता वेशभूषेच्या बाजूने पाहा. एक झगा सिडनीत स्थानिक कारागिरांकडून शिवून घेतला तर तो खर्च सवलतीच्या हिशेबात येतो. तसाच झगा परदेशातून विकत आणला तर ते पैसे त्या हिशेबाबाहेर राहण्याची शक्यता असते. म्हणजे 'हे कुठे शिवायचं' हा प्रश्न शिवणाचा राहत नाही, वित्ताचा होतो. वेशभूषाकार आणि निर्माता या दोन वेगळ्या व्यक्ती असतील तर या प्रश्नावर दोन बैठका, एक भांडण आणि बहुधा एक अर्धवट तडजोड होते. इथे दोन्ही बाजू एकाच डोक्यात होत्या.

दुसरा भाग भागीदारीचा. 'रोमिओ + ज्युलिएट'मध्ये लिओनार्डो डिकॅप्रिओ यांनी घातलेला निळा सूट प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा होता. तिच्या डिझायनर मिउच्चा प्राडा यांच्याशी असलेल्या या जुन्या ओळखीतून 'गॅट्सबी'च्या मेजवान्यांमधल्या स्त्रियांसाठी सुमारे चाळीस पोशाख आले. त्यांचा आधार प्राडा आणि तिचीच दुसरी नाममुद्रा मिउ मिउ यांच्या आधीच्या संग्रहांतल्या रचनांचा होता. त्या मार्टिन यांच्याबरोबर बसून १९२० च्या दशकाच्या वळणावर नेल्या गेल्या. पुरुषांचे सूट ब्रुक्स ब्रदर्सचे, दागिने टिफनीचे. मूळ कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड स्वतः ब्रुक्स ब्रदर्सचे गिऱ्हाईक होते, त्यामुळे ते नाव कथेला चिकटवलेलं वाटत नाही.

जाहिरातीसाठी चित्रपटात एखादी वस्तू घुसडतात, त्यात आणि या व्यवहारात फरक आहे. तिथे कंपनी पैसे देते आणि वस्तू चौकटीत दिसली पाहिजे असा हट्ट धरते. इथे कंपनीने आपल्याकडची कारागिरी, कापड आणि जुना संग्रह दिला, काय दिसायचं ते वेशभूषाकाराने ठरवलं आणि कंपनीने फायदा नंतर स्वतःच्या दुकानात मिळवला. चित्रपट आला तेव्हा ब्रुक्स ब्रदर्सने त्यावर बेतलेले कपडे विकायला ठेवले, टिफनीने दागिने. प्राडाने हे पोशाख न्यूयॉर्कच्या आपल्या दालनात प्रदर्शनाला मांडले, ते पुढे टोकियो आणि शांघायला गेले. असा करार करायला शिवणाचीही जाण लागते आणि सौद्याचीही. मार्टिन यांच्याकडे दोन्ही होत्या. निर्मातेपद म्हणजे काय याचं उत्तर मला त्यांच्या मुलाखतींपेक्षा या करारांत जास्त सापडतं.

आणि हा पसारा कथेसाठी होता का? होता. या कादंबरीत कपडे म्हणजे वर्गभेद. गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम आहे त्या डेझीचा नवरा टॉम गुलाबी सुटावरून गॅट्सबीची लायकी काढतो. गॅट्सबी डेझीसमोर एकामागून एक शर्ट उधळतो आणि ती त्या ढिगात तोंड खुपसून रडते, तेव्हा प्रेम आणि पैसा यांची सगळी गुंतागुंत त्या रेशमात असते. ज्या कथेत शर्ट हाच प्रसंग आहे, तिथे शर्ट निवडणारी व्यक्ती निर्मात्यांच्या टेबलावर असणं मला पूर्णपणे योग्य वाटतं.

टीकाही झाली, आणि तिच्यातला काही भाग मला पटतो. पोशाखांची वळणं १९२२ ची नसून दशकाच्या उत्तरार्धातली आहेत, असा एक आक्षेप. तो खरा आहे, पण मार्टिन आणि लुअरमन यांनी पूर्ण दशकातून उचल घ्यायची हे विचार करून ठरवलं होतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : श्रीमंतीच्या पोकळपणाबद्दलच्या कथेतून महागड्या नाममुद्रांची विक्री होते, हा विरोधाभास. चित्रपट पाहताना काही ठिकाणी डोळे खरोखरच कपड्यांवर अडकतात आणि गॅट्सबीचा एकटेपणा मागे पडतो. वेशभूषाकाराला 'पुरे' म्हणायचं काम निर्मात्याचं असतं. तीच निर्माती असेल तर ते कोण म्हणणार? इथे आणखी चार निर्माते होते, त्यातले एक खुद्द दिग्दर्शक. तरी हा धोका राहतोच.

प्रदर्शन २०१२ च्या नाताळावरून २०१३ च्या मे महिन्यात ढकललं गेलं. चित्रपटाने फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन केलं आणि जगभरात ३५ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. २०१४ च्या ऑस्करला त्याला दोनच नामांकनं होती, वेशभूषा आणि प्रॉडक्शन डिझाइन. दोन्ही जिंकली, दुसरं बेव्हरली डन यांच्यासह. चार ऑस्करांसह मार्टिन यांनी ऑस्ट्रेलियाचेच वेशभूषाकार ऑरी-केली यांचा तीन ऑस्करांचा विक्रम मागे टाकला. लुअरमन यांच्या चित्रपटांनी आजवर जिंकलेली ऑस्करं एकूण चारच आहेत आणि चारही मार्टिन यांच्या कामाची आहेत.

वेशभूषा दुसऱ्याच्या हातात

'द गेट डाउन' ही नेटफ्लिक्सची मालिका (२०१६-१७) या प्रकरणातला छोटा पण उपयोगी भाग. सत्तरच्या दशकातलं न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, हिप-हॉप संगीताचा जन्म. मार्टिन इथे कार्यकारी निर्मात्यांमध्ये होत्या, वेशभूषा जेरियाना सान हुआन यांची. वेशभूषेतून आलेल्या निर्मातीची खरी परीक्षा अशा वेळी होते, कारण स्वतःला येणारं काम दुसऱ्याच्या हातात सोडायचं असतं. मालिकेचे कपडे सुरेख होते. खर्च आणि वेळापत्रक मात्र हाताबाहेर गेलं आणि पहिल्याच पर्वानंतर मालिका थांबली. निर्मितीतल्या सगळ्या अडचणी वेशभूषेच्या शहाणपणाने सुटत नाहीत. पटकथा वेळेवर येणं ही वेगळीच गोष्ट आहे.

'एल्व्हिस'

२०२० च्या मार्चमध्ये क्वीन्सलंडच्या गोल्ड कोस्टवर गायक एल्व्हिस प्रेस्ली यांच्यावरच्या 'एल्व्हिस'ची तयारी पूर्ण होत आली होती. सेट उभे, पोशाख शिवून टांगलेले. त्यातले एक प्रमुख नट टॉम हँक्स यांना कोविड झाला आणि सगळं ठप्प झालं. काम पुन्हा सुरू झालं सप्टेंबरात. मधल्या काळात उभ्या सेटचं, टांगलेल्या कपड्यांचं, पांगलेल्या कारागिरांचं काय करायचं, हे निर्मात्यांपुढचे प्रश्न होते आणि मार्टिन यांच्या बाबतीत ते दोन्हीकडून येत होते.

त्यांचा एक निर्णय मला विशेष आवडतो. सत्तरच्या दशकात एल्व्हिस रंगमंचावर जे जंपसूट घालत, ते बिल बेल्यू यांच्या रचनेचे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली एक छोटी कंपनी वर्षानुवर्षं त्यांच्या हुबेहूब प्रती बनवते. तिचे ग्राहक म्हणजे एल्व्हिसची नक्कल करणारे कलाकार आणि चाहते. मार्टिन यांनी ते काम त्यांच्याकडेच सोपवलं. ऑस्कर विजेत्या डिझायनरला 'मी माझं काढते' म्हणण्याचा मोह सहज झाला असता. पण ज्यांच्या हाताला तो टाका माहीत आहे त्यांना शोधून काम देणं, ही निर्मात्याचीच नजर. इतर पोशाख त्यांच्या विभागाने केले. एल्व्हिसची भूमिका करणाऱ्या एकट्या ऑस्टिन बटलर यांचेच नव्वदहून अधिक पोशाखबदल होते.

२०२३ च्या ऑस्करला 'एल्व्हिस'ला आठ नामांकनं मिळाली. त्यातली तीन मार्टिन यांची : वेशभूषा, प्रॉडक्शन डिझाइन आणि यावेळी सर्वोत्कृष्ट चित्रपटही. 'मुलाँ रूज!'च्या वेळी ज्या यादीत त्या नव्हत्या, तिथे आता होत्या. त्या रात्री चित्रपटाला एकही ऑस्कर मिळालं नाही. वेशभूषेचा बाफ्टा मात्र मार्टिन यांना मिळाला.

इथे काय लागू पडतं

मार्टिन यांची वाट जशीच्या तशी कुणाला चालता येणार नाही. दिग्दर्शक नवरा, दोघांची मिळून एकच कंपनी, सरकारी सवलत आणि सलग तीस वर्षं एकाच माणसाच्या दृष्टीला आकार देणं हा योग दुर्मीळ आहे. त्यांचं कर्तृत्व कमी आहे असं मी मुळीच म्हणत नाही, पण दिग्दर्शकाशी असं नातं नसलेल्या तितक्याच गुणी वेशभूषाकाराला त्या टेबलापर्यंत जायला कुणी बोलावलं असतं का, ही शंका मनातून जात नाही.

मुंबईत याच्या उलट वाटेचं उदाहरण आहे. 'रंगीला'मध्ये (१९९५) ऊर्मिला मातोंडकर यांचं रूप घडवणारे मनीष मल्होत्रा यांनी आधी स्वतःच्या नावाचा फॅशन व्यवसाय उभा केला, २०२१ साली त्यात रिलायन्स ब्रँड्सने ४० टक्के हिस्सा घेतला आणि २०२३ साली त्यांनी 'स्टेज५' ही निर्मिती संस्था जाहीर केली. मार्टिन चित्रपटाच्या आतून, एकेका प्रकल्पाच्या हिशेबातून निर्मात्या झाल्या. मल्होत्रा बाहेरून, स्वतःच्या नावाचं बळ घेऊन आले. २०२५ च्या नोव्हेंबरात आलेला त्यांचा 'गुस्ताख इश्क' उर्दू शायरीच्या वातावरणातली प्रेमकथा आहे, लग्नाच्या लेहंग्यांचा देखावा नाही. आपल्याला कशासाठी बोलावलं जातं ते ठाऊक असताना दुसरंच काही निवडणं मला धीराचं वाटतं.

या दोघांच्या मधल्या जागेत आपल्याकडचे बहुतेक वेशभूषाकार उभे आहेत. त्यांना ना घरची कंपनी, ना स्वतःची नाममुद्रा. बजेट पक्कं झाल्यावर त्यांना बोलावलं जातं आणि मग दिलेल्या आकड्यात बसवायला सांगितलं जातं. त्यांच्यासाठी या प्रकरणातली घेण्यासारखी गोष्ट निर्मातेपदाच्याही आधीची आहे : बजेट ठरत असताना त्या खोलीत असणं. पावसात भिजण्याच्या एका प्रसंगाला एकाच सुटाच्या किती प्रती लागतील, त्यातली कुठली भाड्याने चालेल आणि कुठली शिवावीच लागेल, हे त्या खोलीत वेशभूषाकाराइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.